अकरा नंबरचा बावटा

समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने चक्रीवादळांच्या मागे लागावे, हे जरा विचित्रच आहे. आमच्या खापरखेड्यात वादळ म्हणजे वैशाखातली धुळीची वावटळ, फार तर अवकाळी गारपीट. गलबतांऐवजी इथे कोळशाच्या वाघिणी आणि पुळणीऐवजी राखेचे ढीग. तरीही गेली पंचवीस-तीस वर्षे आमच्या बैठकीच्या भिंतीवर एक नकाशा टांगलेला आहे. डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर, मध्ये भारताचे त्रिकोणी टोक आणि त्यावर पेन्सिलीने आखलेले अक्षांश-रेखांश. येणारा-जाणारा विचारतो, "हे काय?" सौ. आतून उत्तर देते, "ह्यांची वादळं!"

मी मूळचा श्रीवर्धनचा. खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८९ साली सुरू झाला, त्या सुमारास वीज मंडळाच्या नोकरीने इथे आलो आणि निवृत्तीनंतरही इथेच राहिलो. पण कोकणातून बाहेर पडलेला माणूस आपला समुद्र कुठल्या ना कुठल्या रूपात बरोबर घेऊन येतोच. मी वडिलांची एक सवय आणली. पावसाळ्याच्या तोंडाला आणि नवरात्र-दिवाळीच्या दिवसांत वडील रेडिओला कान लावून बसत. बातम्या संपल्या की मच्छिमारांसाठी इशारा यायचा. आमची होडी नव्हती, सुपारीची वाडी होती. पण पोफळीलाही वाऱ्याचीच भीती.

बंदरावर लावायच्या बावट्यांचे आकडे त्यांनी आम्हा भावंडांना पाढ्यांसारखे पाठ करायला लावले होते. एक आणि दोन नंबर म्हणजे वादळ दूर समुद्रात आहे. तीन आणि चार म्हणजे बंदराला झोंबरे वारे लागण्याची शक्यता. पाच ते सात म्हणजे धोका, आठ ते दहा म्हणजे महाधोका. "आणि अकरा?" असे विचारले की ते थोडे थांबत. अकरा नंबरचा अर्थ वाऱ्याशी थेट जोडलेला नाही. हवामान केंद्राशी असलेला संपर्कच तुटला आहे, एवढेच तो बावटा सांगतो. लहानपणी मला वाटे, हा कसला बावटा? काहीच कळत नाही हे सांगायला बावटा कशाला हवा?

या वेडात मला जोडीदार मिळाला तो १९९९ सालच्या ऑक्टोबरात. शेजारच्या गल्लीत भूगोलाचे एक गुरुजी राहत. अस्सल सावनेरकडचे. ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ येत होते आणि गुरुजी शाळेचा नकाशा काखेत मारून माझ्या दारात उभे राहिले. "काय म्हणते भाऊ तुमचं वादळ?" रेडिओवर सांगितलेल्या जागा आम्ही दोघांनी मिळून नकाशावर मांडल्या. २९ ऑक्टोबरला ते पारादीपजवळ किनाऱ्याला लागले. वाऱ्याचा वेग ताशी २६० किलोमीटर. सुमारे दहा हजार माणसे गेली. आमची रेघ पारादीपपर्यंत बरोबर आली म्हणून आदल्या दिवशी आम्ही चहा घेतला होता. नंतरच्या बातम्या ऐकून गुरुजी चार दिवस आमच्याकडे फिरकले नाहीत.

पुढे कंपूत तिसरा भिडू आला. शेजाऱ्यांचा मुलगा, अभियांत्रिकीचा विद्यार्थी. त्याच्यामुळे उपग्रहाची छायाचित्रे घरात आली. पण रेघ मात्र मी अजून हातानेच काढतो, पातळ ट्रेसिंग कागदावर. ही पद्धत काही माझी नव्हे. कलकत्त्यात हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ होऊन गेले. त्यांनी जहाजांच्या रोजनिशा गोळा करून, कोणत्या दिवशी कुठे कोणत्या दिशेचा वारा होता ते जुळवत वादळांच्या वाटा शोधल्या. १८४८ साली खलाशांसाठी पुस्तक लिहिताना त्यांनी 'सायक्लोन' हा शब्द घडवला. ग्रीक भाषेतल्या वेटोळे घातलेल्या सापावरून. त्या पुस्तकाबरोबर नकाशावर ठेवायच्या पारदर्शक चकत्या असत. कलकत्त्याच्या दक्षिणेला मातला नदीवर नवे बंदर बांधायचे घाटत होते, तेव्हा त्यांनी १८५३ साली गव्हर्नर जनरलला पत्र लिहून बजावले की समुद्र इथे आत घुसेल. बंदर बांधले गेलेच. पिडिंग्टन १८५८ साली वारले आणि १८६७ सालच्या वादळात ते बंदर उद्ध्वस्त झाले. गुरुजी ही गोष्ट सांगत तेव्हा शेवटी म्हणत, "ऐकणारा नसला तं सांगणाऱ्याचा काय उपयोग जी?"

रेघेचे टोक

२०२० सालचा मे महिना संपत होता. टाळेबंदीमुळे सगळे घरात कोंडलेले. गुरुजी सत्तरी ओलांडलेले, त्यामुळे आमची बैठक फोनवर भरे. ३१ मे रोजी अरबी समुद्राच्या आग्नेय भागात कमी दाबाचा पट्टा तयार झाला. दुसऱ्या दिवशी, १ जूनला, केरळात मान्सून पोहोचला आणि त्याच दिवशी समुद्रातले ते वेटोळे घट्ट होऊ लागले.

चक्रीवादळ जगते ते समुद्राच्या उबेवर. पाणी साडेसव्वीस अंशांपेक्षा गरम असले की त्याची वाफ वर जाते, वर जाऊन थंड होते, त्या वेळी कोंडलेली उष्णता सोडते आणि त्या उष्णतेने आणखी हवा वर खेचली जाते. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ही आत धावणारी हवा सरळ न येता गोल फिरू लागते, आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट. औष्णिक केंद्रात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला हे समजायला अवघड नाही. तोही एक बॉयलरच. फरक एवढाच की त्याला बंद करायचे बटण नाही. जमिनीवर आल्यावर पाणी तुटते, तेव्हाच तो विझतो.

हवामान खात्याचा पहिला अंदाज असा होता की वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान ३ जूनला किनारा ओलांडेल. नकाशावर मी या दोन गावांना टिंबे दिली आणि हात थांबला. मधे मुंबई होती. माझी लेक, जावई आणि चार वर्षांची नात वरळीला, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. आणि खालच्या टोकाला हरिहरेश्वरला लागून श्रीवर्धन. तिथे वडिलांच्या कौलारू घरात माझे थोरले बंधू आणि वहिनी. दादांचे वय तेव्हा बाहत्तर.

२ जूनला दुपारी वादळाला नाव मिळाले, 'निसर्ग'. बांगलादेशाने दिलेले. उत्तर हिंदी महासागरातल्या वादळांना नावे देण्याची पद्धत २००४ सालापासूनची; देशांनी आपापली नावे आधीच सुचवून ठेवलेली असतात. नवी यादी नुकतीच निघाली होती आणि तिच्यातले हे पहिलेच नाव. दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्यांवर मुंबईचा नकाशा फिरू लागला. मुंबईवर वादळ! गेट वे, मरीन ड्राइव्ह, वरळीचा सागरी सेतू. आमचा अभियंता दर तीन तासांनी नवी जागा कळवत होता आणि मी टिंब देत होतो.

संध्याकाळी दादांना फोन लावला. "दादा, घर सोडा. शाळेत सोय केली असेल ना?"

"शाळेत गर्दीत जाऊन तो करोना घेऊ काय? आणि मुंबईला जातंय ना ते? टीव्हीवर सांगतायत."

"मुंबईलाच जाईल असं नाही. अलिबागच्या आसपास म्हणतायत. आणि ही रेघ म्हणजे सुताराने मारलेली रेघ नव्हे, दादा. चोवीस तास आधीच्या अंदाजात सत्तर-ऐंशी किलोमीटरचा फरक पडू शकतो."

"मग?"

"अलिबागहून तुम्ही किती लांब?"

दादा गप्प झाले. सरळ अंतर मोजले तर सत्तरच्या आतच भरते. शेवटी वहिनींनी फोन घेतला. "भावोजी, ह्यांना मी शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या घरात नेते. तुम्ही काळजी करू नका."

त्या रात्री मी झोपलो नाही. दोन-अडीच वाजता मुलाचा निरोप आला. वादळ आता ईशान्येकडे वळले होते. टोक मुंबईच्या थोडे खाली दिसत होते. मी कागदावर टिंब दिले आणि मनात म्हटले, 'आणखी थोडे खाली सरक.' नातीचा चेहरा डोळ्यांपुढे होता. श्रीवर्धन त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे नव्हते, असे मी म्हणू शकत नाही. होते. तरीही मी तेच म्हटले.

धुराचा कल

३ जूनच्या दुपारी, साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, 'निसर्ग' अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर. संध्याकाळी लेकीचा फोन आला. "बाबा, चार झाडं पडली, पाऊस झाला, बस्स. वाचलो आपण." वाहिन्यांवरही तेच होते, मुंबई वाचली. सौ.ने देवापुढे साखर ठेवली.

मी नकाशापुढे उभा होतो. वादळाच्या मागे उभे राहून त्याच्या वाटेकडे तोंड करा. उजव्या हाताच्या बाजूला वाऱ्याचा वेग आणि वादळाचा स्वतःचा पुढे सरकण्याचा वेग एकत्र येतात. तिथला मार सर्वांत मोठा. डाव्या हाताला एक वेग दुसऱ्यातून वजा होतो आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, म्हणून पाणीही तितके आत येत नाही. 'निसर्ग' ईशान्येला चालले होते. त्याच्या डाव्या हाताला मुंबई होती. उजव्या हाताला दिवेआगर, श्रीवर्धन. जे मुंबईला वाचवणारे गणित होते, तेच गणित माझ्या गावाला मारणारे होते. दोन्ही उत्तरे एकाच टिंबातून निघत होती.

दादांना फोन लावला. लागला नाही. वहिनींचा लागला नाही. शेजाऱ्यांचा नाही, भाच्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आले होते. वादळ सह्याद्री ओलांडून, रात्रीतून विरत विरत, पश्चिम विदर्भावर येऊन पोहोचले होते. आता त्याला वादळ म्हणण्याइतकेही बळ उरले नव्हते. हवामान खात्याच्या भाषेत ते फक्त 'डिप्रेशन' होते. आमच्या खापरखेड्यात वाऱ्याची दिशा बघायला वातकुक्कुट लागत नाही. केंद्राच्या चिमण्यांचा धूर असतो. त्या सकाळी तो उत्तरेकडे कलला होता. म्हणजे वारा दक्षिणेचा.

बाइज बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ साली एक साधा नियम सांगितला. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा. आपल्या गोलार्धात कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असते. मी गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे पाठ केली आणि डावा हात सरळ पसरला. तो पश्चिमेला, अकोल्याच्या दिशेने गेला. तिथे कुठेतरी ते होते. ज्याने काल माझ्या घराचे काय केले हे मला माहीत नव्हते, ते आज माझ्या डाव्या हाताशी होते आणि आमच्या अंगणातल्या तुळशीवर चार शिंतोडे टाकत होते. खालून शेजारीण म्हणाली, "छान गारवा झाला नाही का, काका?"

शांतता

त्या दिवशी मला अकरा नंबरच्या बावट्याचा अर्थ कळला.

उपग्रह वादळाचा डोळा दाखवत होता, ढगांच्या माथ्याचे तापमान दाखवत होता. पण आमच्या वाडीत काय झाले, हे जगातले कुठलेही यंत्र मला सांगू शकत नव्हते. विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले, रस्त्यांवर झाडे आडवी झाली. तालुकेच्या तालुके गप्प झाले. वर्तमानपत्रांत मुंबईची चार पडलेली झाडे होती, कारण तिथून छायाचित्रे येऊ शकत होती. ज्याला मार बसला होता, तो ओरडू शकत नव्हता.

गुरुजींनी फोनवर गॅल्व्हेस्टनची आठवण काढली. अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या किनाऱ्यावरचे हे भरभराटीचे शहर. १९०० सालच्या सप्टेंबरात क्यूबावरून एक वादळ पुढे सरकले. क्यूबातल्या हवामान अभ्यासकांची वादळे ओळखण्यात मोठी ख्याती होती आणि हे पश्चिमेला, टेक्ससकडे जाणार, असा त्यांचा होरा होता. पण त्या मोसमात त्यांच्या हवामानविषयक तारांवर अमेरिकेच्या हवामान खात्याने निर्बंध घातले होते आणि खात्याचा स्वतःचा अंदाज वादळ उत्तरेला वळेल असा होता. ८ सप्टेंबरला समुद्र गॅल्व्हेस्टनमध्ये शिरला. किमान सहा हजार माणसे बुडाली. आणि तारा तुटल्यामुळे शहराचे काय झाले ते बाहेरच्या जगाला लगेच कळलेही नाही. वादळाआधी एकदा आणि वादळानंतर पुन्हा एकदा, असा दोनदा संपर्क तुटला होता.

पाचव्या दिवशी अनोळखी क्रमांकावरून फोन आला. दादा! कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून ते माणगावच्या वाटेला, जिथे जरा खूण दिसेल तिथवर आले होते.

"आम्ही दोघं बरी आहोत," ते म्हणाले. "घराची कौलं गेली. पडवी बसली. आम्ही स्लॅबखाली होतो म्हणून... बरं झालं तू सांगितलंस."

"आणि वाडी?"

बराच वेळ वाऱ्याचा आवाज येत राहिला. "वाडी झोपली रे," दादा म्हणाले. "सगळी एकाच अंगावर झोपली."

मी दिवाळीनंतर गेलो. लहानपणी त्या वाडीत भरदुपारी ऊन खाली उतरत नसे. आता विहिरीपर्यंत लख्ख उजेड होता. पोफळी एकाच दिशेला पडल्या होत्या. वाकून पाहिले तर त्यांच्या बुंध्यांनी वाऱ्याची दिशा नोंदवून ठेवली होती, पिडिंग्टनच्या खलाशांनी रोजनिशीत लिहावी तशी. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीला सगळीकडून मागणी असते. पण नवे रोप लावल्यापासून नीट पीक हाती यायला सात-आठ वर्षे लागतात. भरपाईचा हिशोब हेक्टरात होता आणि आमच्या पाखाडीतल्या वाड्या गुंठ्यांच्या. बाहत्तराव्या वर्षी दादांनी पुन्हा रोपे लावली होती. "मला नाही तर पुढच्याला," एवढेच ते म्हणाले. गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. मी तीस वर्षे वीज तयार केली, आणि माझ्या घरी वहिनी महिनाभर कंदिलाच्या काचा पुसत होत्या.

निघताना मी दादांना त्या रात्रीचे सांगितले. मनात काय म्हटले होते, ते. दादा रोपांना पाणी घालत होते. म्हणाले, "त्या वेळी आम्हीसुद्धा म्हणत होतो, जरा वर सरक, मुंबईकडे जा. तिथं इमारती पक्क्या आहेत." आणि मग थोडे हसले. "तुझी नात तिथं आहे हे तुझी वहिनी नंतर म्हणाली."

पुढच्या वर्षी 'तौक्ते' आले. १७ मे २०२१. ते किनाऱ्याला लागले गुजरातेत. मुंबईच्या बाजूने नुसते निघून गेले. या वेळीही बरेच जण म्हणाले, वाचलो. पण त्याच दिवशी मुंबईसमोरच्या समुद्रात 'पी-३०५' हा बार्ज बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. सत्तरहून अधिक परत आली नाहीत. २००९ साली 'फयान'ने मच्छिमारांचे बळी घेतले होते, तेव्हाही मुंबईत फारसे काही झाले नव्हते. अरबी समुद्र पूर्वीपेक्षा तापू लागला आहे; एकट्या २०१९ सालात त्यात पाच चक्रीवादळे झाली. तेव्हा हा नकाशा भिंतीवरून उतरेल असे वाटत नाही.

अंदाज मात्र खूप सुधारले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. १९९९ साली जिथे दहा हजार माणसे गेली, त्याच ओडिशात २०१९ साली 'फानी' आले तेव्हा सुमारे बारा लाख लोकांना आधीच हलवले गेले आणि मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. पोफळी हलवता येत नाहीत, पण दादा हलवता आले. रेघेचा उपयोग तेवढा, आणि तो काही थोडा नव्हे.

आमच्या कंपूने मात्र तेव्हापासून एक नियम केला आहे. वादळ किनाऱ्याला लागले की पूर्वी आम्ही पेन्सिल खाली ठेवत असू. आता त्यानंतर काम सुरू होते. रेघेच्या उजव्या हाताला कोणती गावे येतात ती गुरुजी वाचून दाखवतात, मुलगा यादी करतो आणि आमच्या ओळखीत तिथले कुणी असेल तर आम्ही फोन लावत बसतो. ज्या गावाचा फोन लागतो, त्याच्यावर बरोबरची खूण. ज्याचा लागत नाही, त्याच्यापुढे मी तांबड्या पेन्सिलीने आकडा लिहितो, अकरा. आणि तो खोडता येईपर्यंत नकाशा भिंतीवरून काढून टेबलावरच ठेवतो.